गणित : नियमाकडून उपपत्तीकडे

(शिक्षकांच्या एका अभ्यासवर्गात ‘गणिताचे आकलन आणि शिक्षक’ या विषयावर केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



विषयाला थेट हात घालतो. पावणेदोन भागिले अर्धा, हे उदाहरण आपण सर्वांनी मनातल्या मनात सोडवावे. उत्तर साडेतीन. आपल्यापैकी बहुतेकांनी ते असे काढले असेल : पावणेदोन म्हणजे सात छेद चार, अर्ध्याचा व्यस्त दोन, सात छेद चार गुणिले दोन, म्हणजे सात छेद दोन. रीत निर्दोष आहे आणि उत्तरही अचूक आहे. आता दुसरा प्रश्न. या भागाकाराला लागू पडेल अशी रोजच्या व्यवहारातील एक गोष्ट सांगा.

येथे मात्र पुष्कळांची गाडी अडते. ‘पावणेदोन भाकरी दोन भावांना सारख्या वाटल्या’ ही गोष्ट चटकन सुचते. पण तो दोनाने केलेला भागाकार झाला, अर्ध्याने केलेला नव्हे. खरी गोष्ट अशी : घरात पावणेदोन लिटर दूध आहे आणि ते अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरायचे आहे, तर किती बाटल्या भरतील? तीन बाटल्या पूर्ण भरतील आणि चौथी निम्मी भरेल. म्हणून साडेतीन. भागाकाराचे उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठे कसे आले, हा मुलांना छळणारा प्रश्नही या एका गोष्टीने सुटतो.

मग ‘उलटे करून गुणा’ हा नियम आला कोठून? एका लिटरात अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या भरतात, म्हणून अर्ध्याने भागणे म्हणजे दुप्पट करणे. बाटली पाऊण लिटरची असेल तर? एका लिटरात एक बाटली भरते आणि पाव लिटर उरते. ते पाव म्हणजे पाऊणचा तिसरा हिस्सा. म्हणजे एका लिटरात बाटल्या भरतात एक पूर्णांक एक छेद तीन, अर्थात चार छेद तीन. तीन छेद चार उलटे झाले ते असे! नियम आकाशातून पडलेला नाही. त्यामागे कारण आहे आणि ते कारण सहावीतील मुलाला समजू शकते.

आज आपल्यापुढे मांडायचा विचार एवढाच आहे. गणितात रीत शिकवणे हे अर्धे काम आहे. रीतीमागचे कारण मुलाच्या हाती देणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक मोलाचे.

दोन प्रकारचे आकलन

ब्रिटिश गणित-शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड स्केम्प यांनी १९७६ साली लिहिलेल्या एका लेखात आकलनाचे दोन प्रकार सांगितले. एक, केवळ नियम ठाऊक असणे आणि तो वापरता येणे. दुसरा, काय करायचे आणि ते का करायचे हे दोन्ही ठाऊक असणे. त्यांनी दिलेला दाखला आपल्या परिचयाचा वाटेल. नव्या गावी गेलेला मनुष्य ‘डावीकडे वळा, मग उजवीकडे, मग सरळ’ असे पाठ करून मुक्कामी पोहोचू शकतो. पण एक वळण चुकले की तो हरवतो. ज्याच्या मनात गावाचा नकाशा तयार झाला आहे, तो चुकला तरी वाट शोधून काढतो.

आपल्या वर्गातील किती मुलांच्या मनात नकाशा आहे आणि किती मुले वळणे पाठ करून चालली आहेत, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारावा. पाठ केलेली वळणे चौथीपर्यंत पुरतात. पुढे अपूर्णांक येतात, ऋण संख्या येतात, बीजगणित येते. वळणांची संख्या एवढी वाढते की स्मरणशक्ती दमते. ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य मुलाच्या तोंडी येते ते येथे. बुद्धी कमी पडली म्हणून ते येत नाही, कारणे कधी सांगितलीच गेली नाहीत म्हणून येते.

उपपत्तीची परंपरा

हा विचार पाश्चात्त्यांकडून घेतलेला आहे, असे कोणी समजू नये. कारण विचारण्याला आपल्या गणितपरंपरेत स्वतंत्र संज्ञा आहे : उपपत्ती. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात स्पष्टच म्हटले आहे की, उपपत्ती जाणल्याविना गणकाला विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही आणि त्याचा स्वतःचाही संशय फिटत नाही. यातील दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उत्तर बरोबर आले तरी मन निःशंक झाले पाहिजे, ही अपेक्षा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे.

पुढे कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ च्या सुमारास ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तीत नियमांच्या उपपत्ती दिल्या. त्याच शतकात केरळात ज्येष्ठदेवांनी ‘युक्तिभाषा’ हा ग्रंथ रचला. त्यात अनंत श्रेढींसारख्या गहन विषयाच्या युक्ती, म्हणजे कारणे, क्रमाक्रमाने उलगडली आहेत आणि तीही लोकभाषेत, मलयाळममध्ये.

या नावांची भित्तिपत्रके आपल्या शाळांतून लागतात. ती लागावीतच. परंतु भिंतीवर भास्कराचार्य आणि फळ्यावर ‘असे का, ते विचारू नका, परीक्षेत असेच लिहा’, हा विसंगतीचा संसार आपण किती काळ चालवणार? पूर्वजांचा अभिमान त्यांच्या रीतीने विचार करण्यात आहे, केवळ त्यांची नावे उच्चारण्यात नाही.

याच संदर्भात एक स्पष्ट बोलतो. भारती कृष्णतीर्थ स्वामींचे ‘वैदिक गणित’ हे पुस्तक १९६५ साली प्रकाशित झाले. त्यातील सूत्रे उपलब्ध वैदिक वाङ्मयात आढळत नाहीत, असे गणितेतिहासाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तो मुद्दा बाजूला ठेवला तरी शिक्षक म्हणून आपल्यापुढे वेगळा प्रश्न उरतो. ९८ गुणिले ९७ हे उदाहरण त्या पद्धतीने क्षणात सुटते. ९८ शंभराहून २ ने कमी, ९७ हे ३ ने कमी. ९७ मधून २ गेले, ९५. दोन त्रिक सहा. उत्तर ९५०६. मुले टाळ्या वाजवतात. पण टाळ्या थांबल्यावर ‘हे असे का होते?’ हा प्रश्न वर्गात उमटला नाही, तर आपण मुलांना आणखी एक जादू शिकवली, गणित नव्हे.

आता कारण पाहा. शंभर बाय शंभर चौकटींचा एक मोठा चौरस काढा. एका बाजूने दोन चौकटी रुंदीची पट्टी कापली, २०० चौकटी गेल्या. दुसऱ्या बाजूने तीन चौकटी रुंदीची पट्टी, ३०० गेल्या. दहा हजारांतून पाचशे वजा, ९५००. पण दोन्ही पट्ट्या कोपऱ्यात एकमेकींवर येतात. तेथील दोन गुणिले तीन, म्हणजे सहा चौकटी दोनदा वजा झाल्या. त्या एकदा परत मिळवायच्या. ९५०६! हेच चित्र आठवी-नववीत दोन कंसांचा गुणाकार म्हणून पुन्हा भेटते. पाचवीत चित्र पाहिलेल्या मुलाला बीजगणित परके वाटत नाही.

चूक काय सांगते?

शिक्षकाने कारणाकडे वळायचे तर आरंभ कोठून करावा? मुलांच्या चुकांपासून करावा, असे मी सुचवीन.

५२ वजा २७. पुष्कळ मुले उत्तर लिहितात ३५. आपण लाल शाईने फुली मारतो आणि पुढे जातो. पण हे ३५ आले कसे? मुलाने दोनातून सात जात नाहीत हे पाहिले आणि सातातून दोन वजा केले. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हा नियम त्याला कोणीतरी शिकवला होता. तो त्याने इमानाने पाळला. मूल निष्काळजी नाही, त्याच्याजवळचा नियम अपुरा आहे. त्याला पुन्हा दहा उदाहरणे घातली तर तो तीच चूक दहा वेळा करील. त्याच्या हाती काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या दिल्या, ‘सत्तावीस काड्या मला दे’ असे म्हटले, की तो स्वतःच एक जुडी सोडतो. ‘हातचा’ म्हणजे सोडलेली जुडी, हे त्याला त्या क्षणी कळते.

ही एखाद-दुसऱ्या मुलाची गोष्ट नाही. ग्रामीण भागात होणाऱ्या ‘असर’ पाहणीत नेमके असेच हातच्याचे दोन अंकी वजाबाकीचे उदाहरण विचारले जाते. २०२४ च्या पाहणीत देशातील तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्के मुलांना ते सोडवता आले. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे पाचवीतील ३०.७ टक्के मुलांना जमले. २०२२ च्या तुलनेत हे आकडे सुधारलेले आहेत. पण तिसरीतील तीनांपैकी दोन मुले अजून जुडी सोडण्यापाशीच अडली आहेत, हे त्यातील कटू सत्य आहे. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला मूलभूत अंकज्ञान यावे, हे उद्दिष्ट ठेवले ते याचसाठी.

दुसरी चूक पाहा. ०.२५ आणि ०.३ यांत मोठी संख्या कोणती? मुले सांगतात, ०.२५, कारण पंचवीस तीनाहून मोठे. पूर्ण संख्यांचा नियम त्यांनी दशांशचिन्हाच्या पलीकडे नेला. येथे पाठांतराची उणीव नाही, स्थानमूल्याचे आकलन झालेले नाही. ०.३ म्हणजे तीन दशांश, अर्थात तीस शतांश, हे चौकटींच्या कागदावर रंगवून पाहिले की भ्रम फिटतो.

भाषा : अडचणही, संधीही

स्थानमूल्याचा विषय निघाला की मराठी शिक्षकाला भाषेचा विचार करणे भाग पडते. आपण ‘त्रेपन्न’ म्हणतो तेव्हा आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास, आणि लिहिताना मात्र आधी पाच लिहायचे. लहान मूल ५३ ऐवजी ३५ लिहिते, त्याचे हे एक कारण आहे. ‘एकोणसाठ’ या शब्दात तर पाचही ऐकू येत नाहीत आणि नऊही नाहीत. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला ही अडचण येत नाही, कारण त्या भाषांत दशक आधी बोलतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत पोहोचला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका समजावून सांगितली आणि जुनी पद्धत रद्द केलेली नाही हेही स्पष्ट झाले. २०२३ मध्ये मंगलाताई आपल्यातून गेल्या. नावे बदलावीत की नाही याबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु त्या वादाच्या धुरळ्यात मूळ अडचण दिसेनाशी झाली, हे योग्य झाले नाही. ‘एकवीस’ म्हणा किंवा ‘वीस एक’ म्हणा, दोन जुड्या आणि एक सुटी काडी हाती आल्याविना दोन्ही शब्द पोपटपंचीच ठरतात. आणि ‘एकोणसाठ’ म्हणजे साठाला एक उणा, हे मुलाला शोधू दिले तर तोच अवघड शब्द वजाबाकीचा सुंदर पाठ होतो.

भाषेची जमेची बाजूही आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, औट : अपूर्णांकांना स्वतंत्र, सुटसुटीत नावे असलेली आपली भाषा आहे. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणून घेत. ते पाढे पुन्हा घोकावेत, असे माझे म्हणणे नाही. पण ‘एक पूर्णांक तीन छेद चार’ असे म्हणताच गोंधळणारे मूल ‘पावणेदोन लिटर दूध’ सहज समजते. घरचा शब्द आणि पुस्तकातील चिन्ह यांची गाठ घालून देणे हे शिक्षकाचे काम आहे.

शिक्षक कोठे घडतो?

आपण म्हणाल, हे सारे शिक्षकाला तरी कोणी शिकवले? प्रश्न रास्त आहे. सुरुवातीला मी जे पावणेदोन भागिले अर्ध्याचे उदाहरण दिले, ते शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध आहे. लिपिंग मा या चिनी विदुषी. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना शांघायहून खेड्यात पाठवण्यात आले आणि तेथे त्या शिक्षिका झाल्या. पुढे अमेरिकेत संशोधन करून १९९९ साली त्यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना हेच उदाहरण दिले होते. सर्व ७२ चिनी शिक्षकांनी ते अचूक सोडवले. अमेरिकी शिक्षकांपैकी अचूक उत्तरापर्यंत ९ जण पोहोचले. समर्पक गोष्ट रचण्याच्या बाबतीत तर अंतर याहून मोठे होते. ६५ चिनी शिक्षकांना ती रचता आली, अमेरिकी गटात जेमतेम एकाला. नमुना लहान होता, त्यामुळे दोन देशांचा निकाल म्हणून त्याकडे पाहू नये. लक्षात घ्यायचे ते वेगळेच आहे. चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांहून काही वर्षांनी कमी होते. मग ही खोली आली कोठून? शाळेत रुजू झाल्यावर. एकाच विषयाचे शिक्षक नियमितपणे एकत्र बसत, पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास करीत, एखादे उदाहरण किती रीतींनी सुटते यावर चर्चा करीत.

जपानमध्ये याहून सुघटित अशी पाठ-अभ्यासाची प्रथा आहे. शिक्षकांचा गट एक पाठ निवडतो, मुले कोठे अडतील याचा अंदाज बांधून त्याची आखणी करतो. एक जण तो पाठ घेतो. इतर जण वर्गात उभे राहून मुलांच्या वह्या पाहतात, कोण कसा विचार करतो हे टिपतात. नंतर चर्चा होते ती पाठाची, शिक्षकाची उणीदुणी काढली जात नाहीत. पाठ सुधारला जातो आणि दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतला जातो. १९९९ मध्ये स्टिगलर आणि हीबर्ट या अमेरिकी संशोधकांच्या पुस्तकामुळे ही प्रथा जगाला ठाऊक झाली.

आपल्याला हे अशक्य आहे काय? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. हे तास व्याख्याने ऐकण्यात आणि हजेरीपत्रकावर स्वाक्षऱ्या करण्यात जाणार असतील, तर आजचे माझे व्याख्यानही त्यातच जमा होईल! त्याऐवजी आठवड्यातून एक तास शाळेतील गणिताचे शिक्षक मुलांच्या पाच वह्या पुढ्यात घेऊन बसले, ‘ही चूक कशी झाली असेल?’ एवढ्या एकाच प्रश्नावर बोलले, तरी वर्षअखेर त्या शाळेचे गणित बदललेले दिसेल. याला अनुदान लागत नाही. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात एक तास राखून ठेवला पाहिजे आणि त्या तासात दुसरे काम लावता कामा नये.

देवळालीचे कापरेकर गुरुजी

साधने नाहीत, वर्गात साठ मुले आहेत, अभ्यासक्रम संपत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. मी त्या नाकारत नाही. तरीही एक नाव आठवावेसे वाटते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेतील एक शिक्षक. ना विद्यापीठातील पद, ना संशोधनाचे वेतन. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करा आणि हीच कृती करीत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि पुढे ६१७४ च येत राहते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि जगाने त्यांची दखल घेतली.

हा खेळ वर्गात अवश्य घ्या. वजाबाकीची शंभर उदाहरणे मुले आनंदाने सोडवतील. पण तेथे थांबू नका. विचारा : प्रत्येक वेळी येणारी वजाबाकी नऊने का भागली जाते? दोन अंकी संख्येपासून आरंभ करू द्या. ४१ वजा १४, सत्तावीस. ७२ वजा २७, पंचेचाळीस. चार हा अंक दशकाच्या घरातून एककाच्या घरात आला की चाळीसाचे चार झाले, छत्तीस कमी झाले. एक हा अंक एककातून दशकात गेला, नऊ वाढले. प्रत्येक स्थलांतर नऊच्या पटीत. हे मुलाने स्वतः शोधले, तर त्याला स्थानमूल्य जन्मभरासाठी समजले. तुमच्याआमच्यासारख्याच एका शाळामास्तरांनी हा ठेवा मागे ठेवला आहे.

तीन विनंत्या

समारोपात तीन विनंत्या. शिक्षकांना विनंती अशी की, नियम फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांना पाच मिनिटे त्या उदाहरणाशी झुंजू द्यावे. आणि उत्तर बरोबर आले तरी ‘कशावरून?’ हे विचारावे. केवळ चुकलेल्यालाच कारण विचारले, तर ‘का’ हा शब्द मुलांना शिक्षेसारखा वाटू लागतो.

संस्थाचालकांना विनंती अशी की, दहावीचा निकाल हाच गणिताचा निकाल मानू नये. पाचवीतील मुलाला अपूर्णांकाची गोष्ट रचता येते का, याचीही कधी तरी चौकशी करावी.

आणि पालकांना, विशेषतः मुलांचा अभ्यास घेणाऱ्या माता-भगिनींना विनंती अशी की, मूल घरी आल्यावर ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘हे उदाहरण तू कसे सोडवलेस, मला समजावून सांग’ असे म्हणावे. तुम्हाला उत्तर ठाऊक असण्याची गरज नाही. स्वयंपाकघरातील पाव किलो, पाऊण वाटी, दीड लिटर हीच पुरेशी साधने आहेत.

कारण विचारण्याची सवय ज्या मुलाला गणिताच्या तासाला लागते, ते मूल पुढे बाजारातील जाहिरात, वर्तमानपत्रातील आकडेवारी आणि व्यासपीठावरील भाषण या सर्वांना ‘कशावरून?’ असे विचारते. असे नागरिक ज्या समाजात घडतात, त्याची फसवणूक करणे कठीण असते. भास्कराचार्यांनी गणकासाठी सांगितलेली कसोटी, सभेत मान्य होणे आणि स्वतः निःसंशय होणे, ही आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याची कसोटी व्हावी, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.